दर्वल बसणार कुठे?

आर्दमोर, ईल बेट
सर्व संतांच्या सणानंतरचा सोमवार

तोरकिल,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी शिव्या खा.

काल तुझी होडी आमच्या किनाऱ्याला लागली. मला वाटलं, चला, भाऊ शुद्धीवर आला एकदाचा. उतरलं कोण, तर तुझा तो लांब मानेचा भाट! वाळूत उभं राहून त्यानं तुझा निरोप चालीवर म्हणून दाखवला. फिनलगनच्या पंगतीत लाखलननं हेल्सेच्या तोरकिलचा अपमान केला, तेव्हा लाखलनच्या घरात हेल्सेची लेक यापुढे वाढणार नाही, तिला परत पाठवा. निरोप संपल्यावर तो जेवायला थांबला. मासे दोनदा मागून घेतले आणि आमच्या दारूत जव कमी पडलेत असंही सांगितलं.

आता माझं ऐक. पंगत लावायचं काम तुझ्या मेहुण्यांच्या, म्हणजे लाखलनच्या, घराण्याकडे त्यांच्या पणजोबांपासून आहे. त्यांनी ते मागून घेतलेलं नाही. दरवर्षी मायकेलच्या सणाच्या आधी त्यांचं पोट बिघडतं. बेटाबेटांवरून सगळे सरदार फिनलगनला, सगळ्या बेटांच्या धन्यांकडे, येतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण धन्यांच्या मांडीवरच बसायला हवं. यंदा सरदार फेरखर एक जागा वर बसला आणि तू एक जागा खाली. एक जागा, तोरकिल! मधे एक माणूससुद्धा नव्हता. त्यावर तू भरला प्याला धन्यांच्या डोळ्यांदेखत पालथा घातलास, "जिथं माझी जागा कुणाला ठाऊक नाही, तिथं माझं जेवण नाही," असं छपराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालास, आणि वल्हेकऱ्यांना अर्ध्या जेवणातून उठवून चालता झालास. ती बिचारी पोरं जाताना मटणाकडे वळून वळून बघत होती.

बरं, तू रुसलास. रूस. तुझा रुसवा काही मला नवा नाही, लहानपणी तू बोकडावरही रुसायचास. पण दर्वलचा यात काय संबंध?

तिची आई गेली तेव्हा ती माझ्या एका हातात मावत होती. तूच आणून दिलीस. आपल्यात मूल चौदावं लागेपर्यंत दुसऱ्याच्या घरी वाढतं. तूही तसाच वाढलास, मीही. ती अजून अकराची आहे. मधेच मूल परत नेलं तर लोक काय समजतात ते तुला मी सांगायला नको. बाया पाण्यावर म्हणतील, गोर्मलानं पोरीला उपाशी ठेवलं असेल, हात उचलला असेल.

बायांचंही जाऊ दे. माझी स्वतःची दोन्ही पोरं देवळामागच्या मातीत आहेत. मला ही पोर हवी आहे. हे वाक्य लिहू नकोस म्हणून मी कोरमाकला सांगितलं होतं. मठातून माझी पत्रं लिहायला येतो, पण ऐकू त्याला हवं तेच येतं. लिहिलं असेल तर असू दे.

तिला पाठवणार नाही.

गोर्मला


आर्दमोर
ब्रिजिदच्या सणाआधी, पाऊस

तोरकिल,

हे पत्र वाचलंस की चुलीत घाल. भाटाच्या हाती लागू देऊ नकोस, नाहीतर वसंतापर्यंत त्याचं गाणं होईल.

लाखलन एवढे दिवस गप्प होते, परवा बोलले. त्यांना मी सरळ विचारलं, "अहो, खरंच चुकलात का?" ते म्हणाले, "चुकलो नाही, हीच तर पंचाईत आहे."

झालं असं. त्या दिवशी वारा उलटा होता. छपराच्या भोकातून धूर बाहेर जायच्या ऐवजी आत येत होता, आणि सगळा धन्यांच्या तोंडावर. धन्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. तुम्ही लोक आत येण्याआधीच त्यांनी आपली खुर्ची उचलून मेजाच्या पलीकडे ठेवायला लावली आणि ते पाठ फिरवून बसले. म्हणजे त्यांची उजवी बाजू डावीकडे गेली. जागा धन्यांच्या उजव्या हातापासून मोजतात, दारापासून नाही. तू दारातून आलास, नेहमीसारखी मोजणी केलीस, आणि फेरखर तुझ्या वर दिसला. प्रत्यक्षात तूच त्याच्या वर बसला होतास. तुझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्या जागेवर बसून तू प्याला पालथा घातलास.

मी हे ऐकलं तेव्हा आधी हसले आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

आता तू म्हणशील, हे चारचौघांत का सांगत नाही? चारचौघांत सांगितलं तर फेरखरला कळेल की तो खाली बसला होता. तो आज खुशीत आहे. त्यानं सगळीकडे सांगून ठेवलंय की त्याला तुझ्या वर मान मिळाला. त्याला खरं कळलं की तो आपल्या होड्या घेऊन रुसून बसेल, आणि त्याच्या घरी कुणाची पोर वाढते आहे देव जाणे. म्हणून लाखलननी तोंड शिवलं आहे. त्यांना धड झोप नाही. पोटाचं तर विचारूच नकोस.

तेव्हा अपमान झालेलाच नाही. एक ओळ लिहून पाठव की पोर तिथेच राहू दे. मोठ्या मनाचा निरोप नकोय. एक ओळ पुरे.

गोर्मला


आर्दमोर
उपवासाचे दिवस, तिसरा आठवडा

तोरकिल,

तुझी ओळ आली. कोरमाकनं दोनदा वाचून दाखवली, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसेना.

"मग मानाचा मांडीचा तुकडा फेरखरला का वाढला?"

अरे माणसा! मांडीचा तुकडा त्याला वाढला कारण मटण कापणाराही तुझ्यासारखाच दारापासून मोजत होता! तो धन्यांचा चुलत भाऊ आहे, त्याला कुणी काही सांगत नाही, आणि धुरात त्याला आपला हात दिसत नव्हता. त्यानं स्वतःचं बोटसुद्धा कापून घेतलं. ते कुणाच्या पानात गेलं ते मी विचारलं नाही.

आणि त्याच ओळीखाली, जाता जाता लिहावं तसं, "दर्वलला न्यायला माणसं पाठवतो आहे." ती माणसं आलीसुद्धा, भाले घेऊन. अकरा वर्षांच्या पोरीसाठी भाले! मी त्यांना सांगितलं, तिला खोकला आहे, समुद्रावर नेता येणार नाही. तुझा सुकाणूवाला तिच्याकडे बघायला लागला तशी ती खोकली. एकदाच, पण असा खोकला मी म्हाताऱ्या बैलाचाही ऐकलेला नाही. तो दोन पावलं मागे सरला. खोकला वगैरे काही नाही, हे तुला कळलंच असेल. ती त्या दिवशी सकाळी खडकावर शिंपले गोळा करत होती आणि ओल्या पायांनी घरभर फिरून माझ्या शिव्या खात होती.

पण ती माणसं गेल्यावर तिनं मला एक विचारलं, ते लिहिते, कारण त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

तिच्या जागेबद्दल तुला माहीत नसेल. आमच्या शेकोटीच्या उजव्या अंगाला, भिंतीच्या कोनाड्यापाशी, तीन पायांचा एक ठेंगणा स्टूल आहे. लाखलननी तिच्यासाठी केला. एक पाय आखूड झाला म्हणून खाली चपटा दगड ठेवतो. ती चालायला लागल्यापासून तिथं बसते. तिथं बसून ती लोकर विंचरते, भांडते, रडते, रुसते. स्वयंपाकाच्या बायकासुद्धा तिला वळसा घालून जातात.

तिनं विचारलं, "आत्या, हेल्सेला मी कुठे बसणार?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या घरात तुला जागा नसेल होय?"

ती म्हणाली, "असेल. पण कुठे?"

तर मी तुला विचारते. तुझ्या घरी आता दुसरी बायको मार्सली आहे, तिची तीन पोरं आहेत, मार्सलीची आई आहे, भाट आहे, कुत्रे आहेत. पोर तुझी आहे. तू मागितलीस तर तुला नाही म्हणायचा मला हक्क नाही, आणि दरवेळी खोकलाही पुरणार नाही. उन्हाळा लागताना बेल्टेनच्या आगी पेटल्या, गुरं डोंगरावर गेली की मीच तिला घेऊन येईन. पण त्याआधी कळव. ती कुठे बसेल?

गोर्मला


आर्दमोर
बेल्टेननंतर

तोरकिल,

"होईल जागा." हे तुझं उत्तर होतं. मी त्यावर विश्वास ठेवला. बहीण असण्याचा हाच तोटा.

तू म्हणतोस तुला काही कळलंच नाही, पोर का पळाली. मग मी सांगते. तू तिथंच होतास, पण तू बोलत होतास.

आम्ही आलो तेव्हा तू किनाऱ्यावर आलास, तिला उचललंस, वल्हेकऱ्यांना दाखवलंस, "बघा, नाक माझं आहे!" ती खूश होती, खरंच होती. मी ते पाहिलं. मी मनाची तयारी केली की हिला ठेवून जायचं.

मग जेवायला बसलो. तुझ्या उजव्या हाताला मार्सली. तिच्याशेजारी तिची पोरं, ओळीनं, धाकटं तर अजून मांडी घालून बसतही नाही, त्याला उशीचा टेकू दिला होता. मला तू चांगली जागा दिलीस, ते मान्य आहे. दर्वल मधे उभी होती, ओटची भाकरी हातात घेऊन. कुणी तिला बस म्हणत नव्हतं. ती तुझ्याकडे बघत होती. शेवटी मार्सलीच्या आईनं हात हलवला, "तिकडे बस ग, दारापाशी, तिथं मोकळं आहे." मोकळं होतंच. तिथं तुझा पिवळा कुत्रा झोपला होता आणि दाराखालून वारा येत होता.

ती जाऊन बसली. आणि तू काय करत होतास? तू पाहुण्यांना फिनलगनची गोष्ट सांगत होतास! पुन्हा एकदा! कशी तुला एक जागा खाली बसवली, कसे सगळे गप्प झाले, कसा तू प्याला हातात घेतलास. भाट मधे मधे ताल धरत होता. मी घसा खाकरला. मी तुझ्या पायावर पाय दिला. तू म्हणालास, "गोर्मला, थांब जरा, आता मुख्य जागा येतेय."

मुख्य जागा आलीच. दर्वल उठली. तिच्या लाकडी वाटीत दूध होतं. तिनं ती सगळ्यांसमोर जमिनीवर पालथी घातली. कुत्र्यानं डोळे उघडले. मग तिनं तुझ्याकडे बघून, मोठ्यानं, एक शब्द न चुकता म्हटलं, "जिथं माझी जागा कुणाला ठाऊक नाही, तिथं माझं जेवण नाही." आणि चालत जाऊन माझ्या होडीत बसली. वल्ही लावायच्या फळीवर, ताठ, तोंड समुद्राकडे.

तुझे पाहुणे बघत राहिले. भाटाचा ताल हवेतच राहिला. मार्सलीची आई म्हणाली, "काय हे वळण लावलंय आत्यानं!"

मी वळण लावलं? मी तिला शिवण शिकवलं, दूध काढायला शिकवलं, प्रार्थना शिकवली. हे तिला मी शिकवलेलं नाही. हे कुणाचं आहे, ते आता तूच सांग. तिनं केलं ते चूक असेल, तर मायकेलच्या सणाला तू केलंस तेही चूक, जा आणि धन्यांची क्षमा माग. आणि तू बरोबर होतास, तर तीही बरोबर. दोन्ही बाजूंनी तूच अडकला आहेस. मला वाटेत होडीत एवढंच एक समाधान होतं.

ते समाधान फार टिकलं नाही. अर्ध्या वाटेवर ती रडली. मला वाटलं, तुझ्या घरच्या लोकांमुळे. ती म्हणाली, "बाबा हसत होते ग. मी उठले तेव्हा त्यांना वाटलं मी त्यांच्याजवळ येतेय. त्यांनी हात पुढे केला होता."

हे मी पाहिलं नव्हतं. ते तिनं पाहिलं.

ती इथे आहे. मी तिला पाठवणार नाही आणि अडवणारही नाही. माणसं पाठवू नकोस. भाट तर मुळीच नको.

गोर्मला


आर्दमोर
नव्या धान्याच्या भाकरीनंतरचा आठवडा

तोरकिल,

तिची निळी शाल राहिली आहे, ती या होडीबरोबर पाठवते. लोकरीच्या मोज्यांची एक जोडीही. दुसरी विणून होतेय.

तू आलास तेव्हा मी तुला फार बोलले नाही, आता बोलते. तू एकटा आलास, दोन वल्हेकरी घेऊन, ना भाट ना भाला, आणि उंबऱ्यातच विचारलंस, "तिची जागा कुठली?" मी बोट दाखवलं. तू जाऊन स्टुलाशेजारी राखेत बसलास, एवढा मोठा माणूस, गुडघे कानाला लागत होते. ती आली, तुला बघून थबकली, आणि मग आपल्या स्टुलावर बसली. तू खाली, ती वर. मी बाहेर निघून गेले. दाराशी थांबले होते, खोटं कशाला सांगू, पण वारा इतका होता की एक अक्षर ऐकू आलं नाही. तुम्ही दोघंही मला सांगत नाही. ठीक आहे.

बाहेर येऊन ती म्हणाली, "आत्या, मी जाते. बाबांनी विचारलं." एवढंच. मी सगळा हिवाळा भांडले, खोकले काढले, पत्रं लिहिली, आणि तिला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. हे तुला सुचायला एवढा वेळ लागला आणि मला तर सुचलंच नाही.

ती तुझ्या उजव्या हाताला बसते, मार्सली एक जागा सरकली, असं वल्हेकरी सांगत होता. मार्सलीला माझा नमस्कार सांग. तिला ते जड गेलं असेल, आणि तिनं केलं.

दर्वलला सकाळी उठल्यावर कुणी बोललेलं चालत नाही. पोट भरल्यावर बोलावं.

गोर्मला


आर्दमोर
पुन्हा सर्व संतांचा सण

तोरकिल,

आधी लाखलनचं सांगते. मायकेलच्या सणाला तू फिनलगनला आलास, त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "कुठे बसणार?" आणि तू म्हणालास, "कुठेही." ते अजून सावरलेले नाहीत. म्हणतात, आमच्या घराण्यात असं उत्तर कुणी ऐकलेलं नाही, याचं काय करायचं ते आम्हाला शिकवलेलंच नाही. तू दारापाशी वल्हेकऱ्यांत जाऊन बसलास. मग फेरखरला वाटायला लागलं की तिथंच काहीतरी खास मान असला पाहिजे, आणि तो पुढच्या वर्षी दारापाशी जागा मागतोय. पोट पुन्हा बिघडलंय.

आता दुसरं. हे तुझ्या कानावर येईलच, म्हणून माझ्याकडून ऐक.

गेल्या आठवड्यात धनी आमच्याकडे मुक्कामाला आले. हिवाळ्यात घरोघरी जाऊन जेवण्याचा त्यांचा हक्कच आहे, यंदा पाळी आमची. त्यांच्याबरोबर निम्मं गाव. मी सगळं नीट केलं होतं. गाय कापली, मध घातलेली दारू काढली, उंच खुर्चीवर कातडं अंथरलं. धनी ओलेचिंब आत आले, त्यांना थंडी वाजत होती. त्यांनी खुर्चीकडे पाहिलंही नाही. सरळ शेकोटीपाशी गेले आणि उजव्या अंगाच्या त्या ठेंगण्या स्टुलावर बसले.

मी म्हटलं, "तिथं नको."

लाखलननी भिंतीचा आधार घेतला. धन्यांना वाटलं स्टूल मोडका आहे, त्यांनी वाकून खालचा दगड पाहिला. म्हणाले, "मजबूत आहे की."

मी म्हटलं, "मजबूत आहे, पण ती जागा दुसऱ्याची आहे."

"कुणाची?"

"हेल्सेच्या दर्वलची."

"ती कुठे आहे?"

"हेल्सेला."

"मग?"

मग काय, तोरकिल? सगळ्या बेटांचा धनी माझ्या घरात ओला बसलाय, आणि मी हातात पळी घेऊन त्याच्या डोक्यावर उभी. मी म्हटलं, "मग काही नाही. उठा."

ते उठले. त्यांनी लाखलनना विचारलं, "हे तुमच्या बायकोच्या माहेरचं आहे का?" लाखलन म्हणाले, "हो, धनी. सगळेच तसे आहेत." धनी हसले आणि जाऊन उंच खुर्चीवर बसले. जेवणभर कुणी त्या स्टुलाकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते.

तू हसतो आहेस. मला इथून दिसतंय. कोरमाकही लिहिता लिहिता हसतोय, शाई सांडली त्यानं. हसा दोघं. एका जागेवरून केवढा गोंधळ म्हणून मी तुला वर्षभर झोडपलं, आणि आता मी कुणाला त्या कोनाड्याला टेकूसुद्धा देत नाही. परवा मांजर बसलं, त्यालाही उठवलं.

तिला सांग, दगड नीट बसवला आहे, स्टूल आता डुगडुगत नाही.

तुला आशीर्वाद. इतके दिवस राहिले होते.

तुझी बहीण,
गोर्मला